काळीचे दुधाचे दात

दादा, बंड्या अजून जिवंत आहे. हे आधी सांगते, कारण तू असतास तर माझी खुशाली विचारायच्या आधी त्याचीच विचारली असतीस. गोठ्यामागच्या आंब्याला त्याला साखळीने बांधलंय. तालुक्याहून गुरांचे डॉक्टर आले होते. त्याला लस टोचून गेले आणि बजावून गेले, काही महिने तरी मोकळा सोडू नका, कुणी हात लावू नका, रोज नजर ठेवा. वहिनी त्याची थाळी काठीने लांबून सरकवतात. तो थाळीकडे न बघता त्यांच्याकडे बघतो आणि शेपूट हलवतो. ती हलणारी शेपूट मला बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. एखाद्या सकाळी ती हलली नाही तर, हा विचार अंगणात पाय टाकायच्या आधीच मनात येतो.

तू गेलास त्याच आठवड्यात गावातली माणसं काठ्या घेऊन दारात आली. सगळी आपलीच होती, तुझ्या मयताला खांदा दिलेलीही त्यात होती. कुणी आवाज चढवला नाही. "वहिनी, आमची बी लेकरं हायती," एवढंच म्हणाले. त्यांचं काय चुकलं? मी स्वतः अर्धी त्यांच्याच बाजूला होते. पण वहिनी पदर खोचून अंगणात उतरल्या आणि म्हणाल्या, "ह्यांनी जाताना सांगितलंय, त्याला मारू नका. डाक्टर म्हनंल तवा बघू." माणसं थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. बंड्या साखळीच्या टोकाला येऊन प्रत्येकाकडे ओळखीचा असल्यासारखा बघत होता.

भादव्यात तू ही दोन कुत्र्याची पिल्लं आणलीस. पालीच्या वाटेवर ट्रेकिंगवाल्यांच्या गाड्या लागतात, तिथे कुणीतरी खोक्यात टाकून गेलं होतं. खोकं पावसाने मऊ पडलेलं. तू दोघांना सदऱ्यात घालून आणलंस, एक तांबूस, तोच हा बंड्या, आणि दुसरी काळी, तिचं नावच काळी पडलं. मी शाळेतून निवृत्त होऊन माहेरी परतले होते, तुझ्या घराला लागून माझी खोली नुकतीच उभी राहिली होती. आयुष्यभर पोरांना शिस्त लावलेली बाई मी, मला वाटलं ही दोन पिल्लं काय मोठी.

पहिल्या आठवड्यातच माझ्या पातळाच्या काठाच्या चिंध्या झाल्या. टाचेला, पोटरीला, भांडी घासताना मनगटाला, जिथे मिळेल तिथे ती टोकदार दातांनी धरायची. बंड्या जास्तच. एकदा मी त्याच्या नाकावर चापट मारली. तो मागे सरला, गुरगुरला आणि दुप्पट जोराने चावला. मी पुन्हा हात उगारला तेव्हा तू ओट्यावरून उठलास. मला वाटलं तू रागावणार. तू फक्त त्याला उचललंस आणि माझ्याशेजारी बसलास.

"शालन, मारून काय व्हनार न्हाई," तू म्हणालास. "त्याला वाटतं तू खेळतीयास. न्हाईतर भ्या वाटतं. खेळ वाटला तरी चावनार, भ्या वाटलं तरी चावनार."

"मग काय करू? चावून घेऊ?"

"त्याला हात न्हाईत. समदं तोंडानंच बघतंय ते. ही आईपास्नं लवकर तुटली. भावंडं एकमेकांना चावत्यात, एखाद्याला जास्त लागलं का ते वरडतं आन खेळ सोडून जातं. मग दुसऱ्याला कळतं, एवढं जोरात चावायचं न्हाई. ह्यांना ते शिकायला घावलं न्हाई. ते आपुन शिकवायचं."

मग तू तुझं बोट त्याच्यापुढे धरलंस. त्याने धरलं. तू बोट हिसकलं नाहीस, तसंच सैल ठेवलंस, आणि पिल्लासारखाच बारीक आवाज काढलास. बंड्याने चपापून तोंड उघडलं. तू मान फिरवलीस, हात मांडीखाली घेतलास आणि भिंतीकडे बघत बसलास, रुसलेल्या पोरासारखा. तुझ्याएवढा मोठा माणूस तसा बसलेला बघून वहिनींना हसू आवरेना. बंड्या तुझ्याभोवती फिरला, तुझं कोपर चाटलं. तेव्हा तू त्याच्याकडे वळलास आणि सुंभाची ओली गाठ त्याच्या तोंडात दिलीस.

"हे चाव म्हनायचं. दात शिवशिवत्यात त्याचे, त्याला कायतरी पायजेच. चावू नको एवढंच सांगून भागत न्हाई, काय चावायचं ते बी द्यावं लागतं."

सगळ्यांनी एकसारखंच वागायचं, हा तुझा दुसरा हट्ट. एकाने लाडाने चावू द्यायचं आणि दुसऱ्याने मारायचं, असं चालणार नाही. दमलेलं पिल्लू जास्त चावतं, त्याला झोपू द्यायचं. पळणाऱ्या पायामागे ते धावणारच, म्हणून आपण उभं राहायचं. तू हे सगळं कुठे शिकलास, कधी विचारलं नाही. दसऱ्यापर्यंत दोघांचे दात माझ्या हाताला नुसते टेकायचे, रुतायचे नाहीत. काळी तर फारच लवकर शिकली. माझा हात तोंडात घ्यायची आणि माझ्या डोळ्यांत बघत राहायची, दुखतंय का ते विचारल्यासारखी. मी तुला बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसांत मी सुखात होते.

दिवाळीत माझा मुलगा आला आणि ओवीला माझ्याकडे ठेवून पुण्याला परत गेला. आठ वर्षांची नात माझी, तिला पिल्लांचं वेड. तू तिलाही शिकवलंस, हात हिसकायचा नाही, ओरडायचं आणि पुतळा व्हायचं. ती दिवसभर पुतळा होत अंगणात फिरायची. पण खेळता खेळता एकदा तिने फटाक्याच्या आवाजाने दचकून हात ओढला आणि बंड्याचा दात तिच्या बोटाला ओरखडून गेला. रक्ताचा एक थेंब आला असेल. मी साबणाने बोट वाहत्या पाण्याखाली धरलं, बराच वेळ धरलं. आणि वडापची जीप पकडून तिला वेल्ह्याला सरकारी दवाखान्यात नेलं.

त्यावरून आपलं भांडण झालं, दादा. भांडण म्हणजे काय, तू जेवताना बोलला नाहीस.

शेवटी म्हणालास, "दुधाच्या दाताला सुया?"

"दात दुधाचा असला तरी लाळ लाळच."

"माझ्या पिल्लांवर तुजा इस्वास न्हाई."

"पिल्लांवर आहे. त्यांना कुठून काय लागेल, त्यावर नाही. दोघांना लस टोचून आण, मग मी बोलणार नाही."

"भात पडलाय शेतात. कापनी झाली का नेतो. शाळंत पोरं बी चावत्यात एकमेकांना, त्यांना टोचत व्हतीस का?"

मी हसले. तू हसला नाहीस. पुढच्या सुयांसाठी दर वेळी मी ओवीला घेऊन निघाले की तू काहीतरी काम काढून शेतावर जायचास. सुट्टी संपल्यावर उरलेल्या तिने पुण्यात घेतल्या. तो विषय आपल्यात तसाच राहिला.

भाताची कापणी झाली, खळ्यावर झोडणी चालू होती. दुपारची वेळ होती आणि आपण दोघं अंगणात होतो, म्हणून ते कुत्रं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वाजेघरच्या अंगाने, रस्त्याच्या मधोमध चालत आलं. पिवळट, हाडं वर आलेलं. त्याचा खालचा जबडा लोंबत होता. गावातली कुत्री कुणी परकं आलं की आधी आकांत मांडतात, त्या दिवशी एकही भुंकलं नाही. सगळी बाजूला झाली. ते कुणाकडे बघत नव्हतं, वास घेत नव्हतं, थांबत नव्हतं. आपल्या अंगणाशी आलं, आत वळलं, काळीला कानापाशी धरून एकदा झटकलं, सोडलं आणि पुन्हा रस्त्याला लागलं. तू काठी घेऊन धावलास. तू मागे धावतोयस हे त्याच्या गावीही नव्हतं. चालायचा वेग वाढला नाही की कमी झाला नाही. मार्गासनीच्या बाजूला ते दिसेनासं झालं.

"भुकेनं कावलं आसंल," तू म्हणालास. पण तुझा आवाज नेहमीचा नव्हता, आणि काळीच्या कानाला हळद लावताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

"दादा, आता तरी हिला ने."

"नेतो की. खळं उरकू दे."

कान सुकला. जखमेवर केस आले. काळी पुन्हा बंड्याच्या अंगावर उड्या मारायला लागली. आपण सगळे ते कुत्रं विसरलो, किंवा विसरल्यासारखं वागलो. मग ओवी आजारी पडली आणि मी पुण्याला मुलाकडे गेले. तिथे माझा मुक्काम लांबला.

पुढचं मला वहिनींनी सांगितलं, तेही तुला पुण्याला नेताना, गाडीत, माझा हात घट्ट धरून.

काळी कणगीमागच्या अंधारात जाऊन बसायला लागली. हाक मारली की यायची नाही. सुंभाची गाठ तिने सोडली आणि माती, काटक्या, गोवरीचे तुकडे चावायला लागली. भुंकली की घसा बसल्यासारखा आवाज. वहिनी म्हणाल्या हिचं काहीतरी बिनसलंय. तू म्हणालास, "दात बदलायचं वय हाय तिचं. दुधाचे पडत्यात, नवे येत्यात. हिरड्या ठनकत असतील." आणि ते खरंही होतं. वय तेच होतं. पडलेला एक बारीक दात वहिनींना केर काढताना सापडलाही होता. पिल्लाचं चावणं तुला इतकं कळत होतं, की हे चावणं वेगळं आहे हे तुझ्या ध्यानातच आलं नाही.

तू ओला फडका पिळून तिच्यापुढे धरलास. तिने फडका सोडून तुझा हात धरला, अंगठ्याच्या मुळाशी. तू रोजच्यासारखाच हात सैल सोडलास, बारीक आवाजात ओरडलास आणि मान फिरवलीस. वहिनी सांगत होत्या, "हे भिताडाकडं तोंड करून बसले. वाट बघत बसले, आता सोडंल, मग सोडंल. तिनं सोडलंच न्हाई." शेवटी दुसऱ्या हाताने तू तिचा जबडा उघडलास. ती पुन्हा अंधारात गेली. तू हात तांब्याच्या पाण्याने धुतलास, चुना-हळद भरलीस आणि वहिनींना हसून म्हणालास, "शालनला सांगू नगंस. सुया टोचाया न्हेईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी काळी नव्हती. त्याच सुमाराला खालच्या वस्तीवरची शेळी बिबट्याने नेली होती, त्यामुळे सगळे म्हणाले, बिबट्याच. तू ओढ्याच्या कडेने तिला हाका मारत फिरलास. शेजारचा सोपान तुझ्याबरोबर होता. तुमच्या शेताला त्याचा बांध, पंगतीला तुझ्या मांडीला त्याची मांडी. त्याला भाऊ म्हणालास तर कुणी अडवलं नसतं, तोही तुला आण्णा म्हणायचा. काळीचं काही सापडलं नाही. वहिनी म्हणाल्या, त्या दिवशी तू जेवलास, पण तिची भाकरी कोनाड्यात ठेवलीस.

संक्रांतीला मी परत आले. तिळगूळ देताना तुझ्या अंगठ्याखालचा वण मला दिसला.

"हे काय रे?"

"इळा लागला."

मी मान डोलावली. विळा तर रोज कुणाला ना कुणाला लागतो.

माघात तुझ्या हाताला मुंग्या यायला लागल्या. तू बोलता बोलता अंगठा भिंतीवर घासायचास. मग खांद्यापर्यंत ठणका चढला. अंग कसकसलं. तू चिडचिड करायला लागलास, तू, ज्याने आयुष्यात गुरावर काठी उगारली नाही. एका सकाळी वहिनींनी चहा दिला. तू कप ओठाला लावलास आणि तुझी मान मागे झटकली गेली. कप अंगावर सांडला. तू घशाला हात लावून म्हणालास, "गिळंना झालंय." मी पाणी आणलं. तांब्या बघूनच तुझं अंग ताठलं. मी घाईने खिडकी उघडली, गार वारा आत आला, आणि तू दोन्ही हातांनी तोंड झाकून ओरडलास, "लाव ती. वारं लागतंय, लाव."

मी खिडकी लावली आणि वहिनींकडे बघितलं. वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. "काळी चावली व्हती ह्यांना," त्या म्हणाल्या.

पुण्याच्या हॉस्पिटलात काय झालं ते मी लिहिणार नाही. तुला आवडलं नसतं. फक्त एवढंच, की मधल्या मधल्या वेळात तू अगदी तुझ्यासारखा होतास, आणि तेच सगळ्यात कठीण होतं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं ते मला आधीच ठाऊक होतं. आत आले तेव्हा तू माझ्याकडे बघत होतास. तू विचारलं नाहीस. म्हणालास, "ओवीच्या समद्या सुया झाल्या का?"

"झाल्या."

"बरं केलंस."

हे भांडण मी जिंकले, दादा. असं जिंकायचं नव्हतं मला. तुला सांगायचं होतं, की तूही बरोबर होतास. दवाखान्यात ओवीला डॉक्टरांनी विचारलं होतं, पिल्लू परत चावलं तर काय करशील, आणि तिने तुझ्यासारखं ओरडून, मान फिरवून, पुतळा होऊन दाखवलं होतं. डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर, कुणी शिकवलं? ती म्हणाली, मोठ्या आजोबांनी. घरी आल्यावर हे तुला सांगणार होते, पण तू गप्प होतास म्हणून मीही अडून बसले, आणि मग राहूनच गेलं. आता सांगते.

शेवटचं कळण्यासारखं तू बोललास ते बंड्याबद्दल. "त्याला मारू नका. त्यानं काय केलं न्हाई."

तू गेल्यावर आरोग्य खात्याची माणसं आली. तुझ्याजवळ वावरलेल्या सगळ्यांना सुया सुरू झाल्या, वहिनींना, मला, तुला उचलून गाडीत घालणाऱ्यांना. घरोघर विचारलं, त्या पिल्लाला आणखी कुणी हात लावला होता का? सोपान तेव्हा आपल्या अंगणात खुर्च्या लावत होता. त्याने मान हलवली, न्हाई म्हणाला. तुला गाडीत घालतानाही तो मागेच उभा राहिला होता, पुढे झाला नव्हता. मला तेव्हा वाटलं, दुःखाने हातपाय गळाले असतील.

दहावा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या खोलीच्या मागच्या दाराशी आला. चप्पल काढून उंबऱ्याबाहेरच बसला. मी पाणी देऊ का म्हटलं, तर नको म्हणाला.

"ताई, काळीला बिबट्यानं न्हेलं न्हाई."

मी हातातलं काम खाली ठेवलं.

"म्या मारली," सोपान म्हणाला. "पहाटं वासराच्या अंगावर आली माझ्या. तोंडातनं लाळ गळत व्हती, जबडा असा लोंबलेला. दगडाला चावत व्हती, ताई. मला कळलं ही पिसाळलीय. दांडकं घातलं. मग बांधाच्या पल्याड खड्डा काढून पुरली."

"दादाला सांगितलं नाहीस?"

"सांगायलाच निघालो व्हतो. वाटंतच आण्णा भेटले, तिला हाका मारत. म्हनले, सोपान, काळी बघितलीस का? लेकरावानी वाढवलेली त्यांनी. म्हटलं, बिबट्यानं न्हेली असं वाटू दे, तेवढंच कमी दुखंल." तो जमिनीकडे बघत होता. "त्यांना चावलीय हे मला ठावं न्हवतं. त्यांनी हात धोतराआड धरला व्हता. मला त्यांनी सांगितलं न्हाई, त्यांना म्या सांगितलं न्हाई. ओढ्याच्या कडंनं आमी दोघं तिला हाका मारत हिंडलो. म्या बी हाका मारल्या, ताई."

ओढ्याकाठी चालणारे तुम्ही दोघं माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. एकाच्या हाताला ताजी जखम, दुसऱ्याच्या हाताला ताजी माती. दोघांपैकी एकाने तोंड उघडलं असतं, तर तू आज इथे असतास. सगळेच गप्प राहिले ते कुणाचं वाईट चिंतून नव्हे. तू सुया नकोत म्हणून, वहिनी तुझा शब्द पाळायचा म्हणून, सोपान तुला दुखू नये म्हणून. मला त्याला शिवी द्यावीशी वाटली. उठून बंड्याची साखळी सोडावी आणि ओढ्यापलीकडे हाकलून द्यावं, असंही वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. माझी नजर त्याच्या हातांवर गेली होती.

"तिला उचललीस कशी?" मी विचारलं.

"हातानं."

"नुसत्या?"

"व्हय."

"हाताला काही लागलं होतं?"

त्याने तळवा उलटा केला. "दांडकं घालताना तिची नखं लागली. तवाच सुकलं ते."

त्याने नजर वर केली. मला तेव्हा कळलं की तो कबुली द्यायला आलेला नव्हता, किंवा नुसती कबुली द्यायला आलेला नव्हता. त्याला भीती वाटत होती. तुझं काय झालं ते त्याने पाहिलं होतं, आणि मघाशी त्याने पाणी का नाकारलं तेही माझ्या ध्यानात आलं.

वेल्ह्याला सगळे ओळखीचे, तिथे नको म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जीपने नसरापूरपर्यंत आणि तिथून एसटीने भोरला गेलो. तो खिडकीशी बसला होता. काच उघडी होती आणि वारा त्याच्या तोंडावर येत होता. मी त्याच्याकडे बघत होते, आणि तो मी बघतेय हे बघत होता. एकदा म्हणाला, "वारं लागतंय, पर तरास न्हाई." मी हं म्हटलं.

भोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, कधी चावलं? चावलं नाही, नखं लागली, आणि लाळ लागली, असं सोपान म्हणाला. कुत्रं कुठे आहे? त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याने सगळं सांगितलं, अगदी हाका मारल्या तिथपर्यंत. बाई लिहायच्या थांबल्या होत्या. उशीर फार झालाय, म्हणाल्या, पण उशीर झाला म्हणून घ्यायचं नाही असं नसतं, आजपासून सगळ्या सुया वेळेवर घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. "म्हणजे मग काय व्हनार न्हाई?" त्याने विचारलं. त्या खोटं बोलल्या नाहीत. "आता जे करता येतं ते आपण केलंय," म्हणाल्या.

परतताना त्याने विचारलं, "ताई, वहिनींस्नी सांगायचं का?" नको, असं माझ्या तोंडावर आलं होतं. त्या बिचारीला आणखी कशाला, आधीच तिने स्वतःला किती बोल लावून घेतलाय, सुया तरी पुऱ्या होऊ देत. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय करायला निघालेय.

"आजच सांगते," मी म्हटलं.

वहिनी बंड्याची थाळी धूत होत्या. मी त्यांना शेजारी बसवून सांगितलं, काही न गाळता. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी थाळी पालथी घातली. मग एकच विचारलं, "पानी पितोय का तो नीट?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "आज सोबत होतो, पण प्यायला नाही."

संध्याकाळी त्यांनी सोपानला बोलावणं धाडलं. तो आला, अंगणातच उभा राहिला. वहिनी आत गेल्या आणि तांब्या-भांडं घेऊन आल्या. भांडं काठोकाठ भरून त्याच्या हातात दिलं. पाणी थोडं त्याच्या मनगटावर सांडलं. आम्हा दोघींपैकी कुणीच हललं नाही. त्याने भांडं ओठाला लावलं, डोळे मिटले आणि घोट घेतला. मग आणखी एक. वहिनी त्याच्या गळ्याकडे बघत शेवटचा घोट उतरेपर्यंत उभ्या राहिल्या.

भांडं परत घेताना म्हणाल्या, "उद्या बी ये."

तो रोज येतो, दादा.